लढणारी खिंड

ती जाहिरात पहिल्यांदा वाचली तेव्हा कुणीतरी थट्टा केली असणार, असंच मला वाटलं. वर्तमानपत्राच्या चौथ्या पानावर, वधूवर आणि जुन्या सायकली यांच्या मधोमध ती छापली होती.

‘पाहिजे : एक खेळ. त्यात राज्य उभारता आलं पाहिजे आणि लढताही आलं पाहिजे. नुसती उभारणी नको, नुसती लढाई नको. एका बाजूला नऊशे सोंगट्या, दुसऱ्या बाजूला दोन हजार सातशे. तरीही नऊशेवाल्यांना टिकता आलं पाहिजे. एक्केचाळीस खेळ पाहून झाले. घाई आहे.’

खाली पत्ता होता, आणि तो पृथ्वीवरचा नव्हता.

ते साल होतं २०८४. परग्रहांवरून पाहुणे यायला लागून अकरा वर्षं झाली होती, त्यामुळे पहिल्या पानावर त्यांची बातमी आता फारशी येत नसे. पण खेळ शोधायला आलेला पाहुणा मी तरी ऐकला नव्हता. आणि मुख्य म्हणजे असा खेळ माझ्याकडे होता! मी, उल्का मोहिते, इयत्ता सातवी, मुक्काम पाटण, जिल्हा सातारा. मी त्याच दिवशी उत्तर पाठवलं : ‘खेळ आहे. दिवाळीच्या सुट्टीत या. येताना स्वेटर आणा.’

आता या खेळाबद्दल. दर दिवाळीला आमच्या अंगणात मी मातीचा किल्ला करते. किल्ला सगळीच मुलं करतात, पण बहुतेकांचा नुसता बघायचा असतो. आमचा खेळायचा असतो. त्याचे नियम मी आणि आप्पांनी मिळून चार वर्षांत बसवले आहेत. आप्पा म्हणजे माझ्या आईचे वडील. कुंभार्ली घाटात त्यांनी एकतीस वर्षं वाहतूकशास्त्रज्ञ म्हणून काढली. गाड्या कुठे तुंबतात, का तुंबतात आणि कशा सुटतात, याचं गणित मांडणं हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर तुंबायला गाड्या राहिल्या नाहीत, म्हणून ते माझ्या अभ्यासाच्या मागे लागले.

आमच्या खेळात प्रत्येक मातीचा शिपाई एका खेपेला एकच काम करू शकतो : माती उपसणं, धान्य वाहणं किंवा लढणं. हातात फावडं असेल, तर त्या खेपेला गोफण नाही. पहिल्या दहा खेपा नुसत्या उभारणीच्या, पुढे लढाई. लढाई फाशांनी होते. ज्याच्या गोफणीच्या टप्प्यात शत्रू दिसतो त्याने एक फासा टाकायचा. सहा पडले तर समोरचा एक बाद. शत्रू दिसलाच नाही, तर फासा नाही. तटाआड जो उभा असेल त्याला थोडी सवलत. त्याच्यावर सहा पडले तरी पुन्हा एकदा फासा टाकायचा, आणि पाच किंवा सहा आले तरच तो बाद. म्हणजे त्याला पाडणं तिप्पट अवघड. आणि ज्या सैन्याचं धान्य संपेल त्याने मुकाट्याने माघारी जायचं.

या खेळात मी आजवर एकदाही हरले नव्हते. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे त्याचं काम पडणार आहे.

वसुबारसेच्या दिवशी पाहुणे एसटीने आले. कंडक्टरने उंची बघून त्यांना अर्धं तिकीट दिलं होतं.

ते दिसायला अगदी चौरंगासारखे होते. वरचा भाग चौकोनी आणि सपाट, खाली चार आखूड पाय, पुढच्या दोन पायांना बारीक बोटं आणि कडेला ओळीने तीन डोळे. आईने गडबडीत त्यांच्यावर फराळाचं ताटच ठेवलं. मी ओरडले तेव्हा तिने जीभ चावली, पण पाहुणे जराही रागावले नाहीत.

“आपण माझा सन्मान केलात,” ते म्हणाले. त्यांचं मराठी व्याकरणाच्या पुस्तकातून शिकलेलं होतं, त्यामुळे ते फार स्वच्छ होतं. “आमच्याकडे ज्याच्यावर विश्वास असतो, त्याच्याच पाठीवर अन्न ठेवतात.”

त्यांचं नाव आमच्यापैकी कुणालाच उच्चारता येईना. मग आप्पांनी विचारलं, “तुमचा ग्रह कसा आहे?”

“सपाट,” पाहुणे म्हणाले. “गोल आहे, आपल्यासारखाच. परंतु वाऱ्याने आणि वाळूने त्याची झीज (घासून घासून कमी होणं) इतकी झाली आहे की डोंगर नाही, दरी नाही. आमच्या गावातली सर्वांत उंच वस्तू मीच आहे.”

“म्हणजे पाटासारखा. मग तुम्ही पाटील!” आप्पा म्हणाले, आणि पाहुण्यांना ते नाव एकदम आवडलं.

अंगणात आल्यावर मात्र पाटील थबकले. माझा किल्ला कमरेएवढा उंच होता. विटा आणि पोती रचून त्यावर लाल मातीचा लेप, अळीव पेरून उगवलेलं हिरवं गवत, वर पाण्याचं टाकं, आणि दोन सुळक्यांच्या मधून वर जाणारी अरुंद खिंड. पाटलांचे तिन्ही डोळे मोठे झाले.

“ही जमीन सुजली आहे का?” त्यांनी हळूच विचारलं. “दुखते का तिला?”

मला हसू आवरेना. पण मग त्यांनी जाहिरातीमागची हकिकत सांगितली, आणि माझं हसू गेलं.

त्यांच्या ग्रहावर दोन गावांचं भांडण झालं की मारामारी करत नाहीत. पट मांडतात. ज्याची जितकी माणसं, तितक्या त्याच्या सोंगट्या. न्यायासाठी एक सवलत आहे : कोणता खेळ खेळायचा ते लहान गावाने ठरवायचं. पण त्या खेळात उभारणी आणि लढाई दोन्ही हवं, कारण नुसती लढाई म्हणजे दंगा आणि नुसती उभारणी म्हणजे घरकाम, असं तिथले लोक मानतात. पट मात्र त्यांच्या जमिनीसारखाच असला पाहिजे. पाटलांचं गाव नऊशेंचं. शेजारचं गाव सत्तावीसशेंचं, आणि त्याला पाटलांच्या गावाचा पाणवठा हवा होता.

“हरलात तर?” मी विचारलं.

“पाणवठा सोडायचा आणि चालू लागायचं.”

“कुठे?”

“दुसरा पाणवठा कुठे आहे ते आम्हाला ठाऊक नाही,” पाटील म्हणाले. “माझं यान लक्ष्मीपूजनाच्या सकाळी निघेल. त्यानंतर निघालं तर पोहोचायला उशीर होईल. आपला खेळ हा बेचाळिसावा आणि शेवटचा.”

नऊशे सोंगट्या आमच्या अंगणात मावल्या नसत्या. म्हणून प्रमाण (दोन संख्यांमधलं नातं) तेच ठेवून पाटलांनी दहा शिपाई घेतले आणि मी तीस.

पहिला डाव मांडला. पाटलांनी आपले दहाही निळे शिपाई किल्ल्यापुढच्या मोकळ्या जागेत एका सरळ रेषेत उभे केले.

“अहो, वर चढा की!” मी म्हटलं.

“वर म्हणजे कोणत्या दिशेला?” त्यांनी विचारलं.

मोकळ्या जागेत सगळ्यांना सगळे दिसतात. मी तीस फासे टाकले, पाच वेळा सहा पडले. त्यांनी दहा टाकले, दोनदा पडले. झाले माझे अठ्ठावीस, त्यांचे पाच. दुसऱ्या खेपेत त्यांचे उरलेले पाचही गेले आणि माझा एक. माझे सत्तावीस जसेच्या तसे उभे!

मला यात एक कोडं पडलं. माझे शिपाई त्यांच्या तिप्पट होते, हे खरं. पण त्यांचे दहा पडेपर्यंत माझेही निदान सात-आठ पडायला हवेत ना? तीनच कसे पडले? आप्पांकडे बघितलं तर ते ओट्यावर बसून नुसते मिशीत हसत होते. विचारल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही, ही त्यांची जुनी खोड.

धनत्रयोदशीला सकाळी दुसरा डाव. या वेळी मी पाटलांना आधीच सांगितलं, “मैदानात उतरू नका. तुम्ही खिंड लढवा.”

“लढवतो,” ते म्हणाले आणि विचारात पडले. मग उभारणीच्या दहाही खेपा त्यांचे दहा शिपाई इमानेइतबारे माती वाहत राहिले. मी तिकडे माझी धान्यकोठारं बांधत होते, म्हणून माझं लक्ष नव्हतं. मान वर करून बघते तर काय, माझी खिंड गायब! त्यांनी ती काठोकाठ बुजवून, वर चोपून, अगदी गुळगुळीत केली होती.

“पाटील, हे काय केलंत?”

“मार्गात एक अडचण होती. ती दूर केली,” ते अभिमानाने म्हणाले. “आमच्याकडे राज्य उभारणं म्हणजे जमीन आणखी सपाट करणं.”

त्या चोपलेल्या रस्त्यावरून माझे तीस शिपाई फळी धरून वर गेले. डाव संपायला तीन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मी पोट धरून हसले, आणि हसता हसता माझं लक्ष त्यांच्याकडे गेलं. त्यांचे तीन डोळे एकेक करून मिटत होते.

“बेचाळीस,” ते म्हणाले. एवढंच. मग पिशवी उचलून त्यांनी आईला विचारलं, की परतीची एसटी किती वाजता आहे.

मला इतकी लाज वाटली की काय सांगू. नऊशे जणांचं पाणी जायची वेळ आली होती आणि मी खिदळत होते. मी धावत जाऊन फाटकात आडवी उभी राहिले.

“थांबा! खिंड बुजवायची नसते हो, खिंड लढवायची असते!”

पाटील थांबले. त्यांनी एक डोळा उघडला.

“तो शब्द मला सकाळपासून समजलेला नाही,” ते म्हणाले. “मी आपलं व्याकरण शिकलो आहे. हसणे म्हणजे आपण हसणे. हसवणे म्हणजे दुसऱ्याला हसायला लावणे. पळणे, पळवणे. झोपणे, झोपवणे. मग लढणे आणि लढवणे. खिंड लढवणे म्हणजे खिंडीला लढायला लावणे. परंतु ती तर माती आहे. ती कशी लढेल?”

हा वाक्प्रचार मी शंभर वेळा वापरला असेल. वर्गात बाई आल्या नाहीत आणि मी एकटीने मुलांना गप्प बसवलं, की मी घरी येऊन सांगणार, ‘आज मी खिंड लढवली.’ आमच्या सह्याद्रीत मूठभर माणसांनी खिंडी कशा लढवल्या, त्याचे धडे मला तोंडपाठ. पण त्या शब्दाच्या आत काय आहे, ते मी कधी डोकावून बघितलंच नव्हतं.

“निवडणूकसुद्धा लढवतात,” आई आतून म्हणाली. तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

आप्पा मात्र ओट्यावरून ताडकन उठले. “उल्के, हा माणूस बरोबर बोलतोय!”

“ते माणूस नाहीत, आप्पा.”

“असूदे गं! एकतीस वर्षं मी घाटात जे बघितलं, ते यांनी एका शब्दात पकडलं. खिंडच लढते. पाटील, बसा. चिंचोके आण गं पसाभर.”

त्यांनी फरशीवर एका बाजूला तीन चिंचोके मांडले आणि समोर एक.

“पहिलं मैदान बघू. तिघं विरुद्ध एक. सगळे सगळ्यांना दिसतात. या एकट्यावर किती जण दगड मारतायत?”

“तीन,” मी म्हटलं.

“म्हणजे त्याला मार तिप्पट. आणि तो एकटा जो दगड मारतोय, तो या तिघांत वाटला जातोय. म्हणजे यांच्यातल्या प्रत्येकाच्या वाट्याला मार किती?”

“एक तृतीयांश.”

“मार देताना तिप्पट, आणि मार खाताना तिसरा हिस्सा. संख्येचा फायदा दोनदा झाला की नाही? तीन गुणिले तीन, नऊ! याला म्हणतात वर्गाचा नियम. वर्ग म्हणजे संख्येला त्याच संख्येने गुणल्यावर जे येतं ते. तुझ्या तिसाचा वर्ग नऊशे. पाटलांच्या दहाचा शंभर. नऊशेतून शंभर गेले, आठशे उरले. आता कोणत्या संख्येचा वर्ग आठशेच्या जवळ येतो?”

मी मनात गुणाकार केला. “अठ्ठावीस गुणिले अठ्ठावीस… सातशे चौऱ्याऐंशी. अठ्ठावीस!”

“आणि काल तुझे उरले सत्तावीस. एक इकडे तिकडे, तो फाशांचा लहरीपणा.”

माझं कोडं सुटलं. म्हणूनच तीन पडले होते! मैदानात मी पाटलांच्या तिप्पट नव्हतेच, नऊपट होते.

“आमच्या ग्रहावर सर्वत्र मैदानच आहे,” पाटील हळू आवाजात म्हणाले. “म्हणून आमच्याकडे लहान मुलांना पहिलं वाक्य शिकवतात, ‘मोठा जिंकतो.’”

“आता घाट बघा,” आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. घाट म्हटला की त्यांचा आवाज चढतोच. “खाली चौपदरी रस्त्यावर शंभर ट्रक असले की ते शंभर असतात. पण उंबराच्या वळणावर आले, की तिथं मावतो एक. म्हणजे वळणावर शंभर ट्रक एकच ट्रक होतात! बाकीचे नव्व्याण्णव मागे भोंगे वाजवतात. आता ट्रक आपले आपण चालतात, पहिल्यापेक्षा शहाणे झालेत, पण वळणाला त्याचं काय? खिंडही तेच करते. समजा तिथं तिघंच मावतात. मग तुझे तीन आणि पाटलांचे तीन. मागच्यांना शत्रू दिसतच नाही. एकाला एक पडतो. इथं वर्ग नाही, सरळ वजाबाकी.”

पाटलांनी चारही पायांवर उभं राहून हिशेब केला. “तीस वजा दहा, वीस. म्हणजे खिंडीतही मी हरतोच. फक्त हळू.”

“हरता, पण आता नऊपट नाही, तिप्पट. इथंच सगळी गंमत आहे.” आप्पांनी एकेक चिंचोका बाजूला सारला. “मैदानात तिप्पट शत्रूला पुरं पडायचं, तर तुमचा एकेक शिपाई नऊ जणांइतका भारी हवा. तसा कोणी नसतो, गोष्टीतच असतो. पण खिंडीत तो तिघांइतका भारी असला की पुरे. आणि तिघांइतकं होता येतं. समोर तट असला की होता येतं. मागे पाणी आणि दाणागोटा असला की होता येतं. शिवाय शत्रूच्या तीस तोंडांना रोज खायला लागतं, ते वेगळंच. मात्र हे सगळं लढाईच्या आधी बांधून ठेवावं लागतं.”

“म्हणजे उभारणी आणि लढाई या दोन गोष्टी नाहीतच,” मी म्हटलं. “उभारणी हीच अर्धी लढाई!”

“म्हणून तर तुझा खेळ चांगला आहे,” आप्पा म्हणाले. त्यांनी आजवर माझ्या कुठल्याच गोष्टीला नुसतं चांगलं म्हटलं नव्हतं. नेहमी शेवटी ‘पण’ असायचा.

पाटलांचे तिन्ही डोळे उघडले होते. मग त्यातला मधला पुन्हा मिटला.

“परंतु पट आमच्या जमिनीसारखा असला पाहिजे,” ते म्हणाले. “आमच्याकडे खिंड नाही. कधीच नव्हती. आपण भाग्यवान आहात. आपल्याला डोंगर मिळाले.”

आप्पांनी चिंचोके गोळा केले. मी माझ्या किल्ल्याकडे बघत बसले, आणि बघता बघता मला जे दिसलं, ते चार वर्षं रोज समोर असून दिसलं नव्हतं.

“पाटील,” मी म्हटलं, “हे अंगण महिन्यापूर्वी कसं होतं ठाऊक आहे? सपाट! तुमच्या ग्रहासारखं. ही खिंड आम्हाला कुणी दिलेली नाही. माती नदीकाठून आणली, विटा शेजारच्या काकूंकडून, पोती मी स्वतः उचलली. दिवाळी झाली की हे सगळं मोडतं आणि अंगण पुन्हा सपाट होतं. पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा बांधतो. आमच्या गावातलं पोरगं पोरगं दर वर्षी सपाट जमिनीतून डोंगर काढतं!”

मला किल्ल्याचा आधीही अभिमान होता, पण तो नीटनेटकेपणाचा आणि बक्षिसाचा. त्या क्षणी वाटलेला अभिमान निराळा होता. आमच्याकडे लहान मुलं खेळता खेळता जे करतात, ते एका अख्ख्या ग्रहाला सुचलं नव्हतं.

“खिंड बांधता येते,” पाटील स्वतःशी पुटपुटले. मग त्यांनी पिशवी खाली ठेवली.

नरकचतुर्दशीला आंघोळी उरकून आम्ही तिसरा डाव मांडला. या वेळी किल्ल्यावर नाही. अंगणाचा दुसरा अर्धा भाग झाडून, सडा घालून, पाटासारखा सपाट केला होता. पाटलांनी हट्टाने उटणं लावून घेतलं होतं, त्यामुळे सगळ्या अंगणाला त्यांचाच वास येत होता.

खेळायला बसण्याआधी मी आप्पांना बाजूला ओढलं. “आप्पा, मी मुद्दाम हरू का? बिचारे पाटील…”

आप्पांनी मला सरळ विचारलं, “तिथं सत्तावीसशे लोक मुद्दाम हरणारेत का?”

मी मान हलवली.

“मग जीव तोडून खेळ. आज तू जितकं कच्चं खेळशील, तितका त्यांचा तट तिथं कच्चा राहील.”

म्हणून मी जीव तोडून खेळले.

पाटलांनी उभारणीच्या खेपांत आधी मधोमध पाण्याचं टाकं केलं. मग त्याभोवती चर (लांब, अरुंद खड्डा) खणायला घेतला. चरातून निघालेली माती त्यांनी आतल्या बाजूला रचली, की झाला तट. एकाच मेहनतीत दोन कामं! आत जायला एकच वाट ठेवली, तीन शिपाई मावतील एवढी. तिला त्यांनी मुद्दाम एक वळण दिलं.

“वळण कशाला?” मी विचारलं.

“वाट सरळ असती तर आपल्या मागच्या शिपायांनाही मी दिसलो असतो. हे उंबराचं वळण आहे,” ते म्हणाले, आणि आप्पांनी मांडीवर थाप मारली.

“मग वाट ठेवलीच कशाला? सगळं बंदच करायचं.”

“मग आमचं धान्य कुठून येईल? बंद घरात आपण स्वतःच कैदी.”

मी चारी बाजूंनी प्रयत्न केला. मागच्या बाजूने चर बुजवायला सहा शिपाई धाडले. पण ज्यांच्या हातात फावडी, त्यांच्या हातात गोफण नाही. तटावरून त्यातले चार गेले आणि मला उरलेले मागे घ्यावे लागले. मग वाटेने घुसले. वळणावर माझे तीन, त्यांचे तीन. मागे माझे वीस-बावीस शिपाई नुसते उभे, जणू भोंगे वाजवणारे ट्रक! त्यांना खायला मात्र दर खेपेला लागत होतं. धान्य आणायला चौघं पाठवले, की तेवढे कमी. त्यांचा एक पडायचा तोवर माझे तीन पडायचे. पाटलांचे सात राहिले, मग पाच. एकदा तर वळणावर त्यांचा एकच शिपाई उरला आणि मी ओरडले, “घुसा!” पण मागून दोघं आले आणि पुन्हा तीन झाले.

दुपार कलली. चाळिसाव्या खेपेला मी धान्याच्या कोठारात हात घातला आणि तो रिकामाच बाहेर आला. माझे दहा शिपाई उरले होते, पाटलांचे तीन. धान्य संपलं की माघारी जायचं, हा नियम माझा मीच केलेला.

मी माझे दहा लाल शिपाई उचलून अंगणाबाहेर ठेवले.

मी माझ्याच खेळात पहिल्यांदा हरले होते. रडू येईल असं वाटलं होतं, आणि आलंही थोडं. पण छाती अशी भरून आली होती, की जिंकल्यावर ती तशी कधीच भरली नव्हती. पाटील त्या तीन निळ्या शिपायांकडे बघत होते.

“मोठा जिंकतो,” ते शेवटी म्हणाले. “ते वाक्य चूक नाही. अपुरं आहे. ‘मैदानात मोठा जिंकतो.’ आम्ही पहिला शब्दच विसरलो होतो.”

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी आम्ही त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. आईने त्यांच्या पाठीवर चकल्यांचा डबा बांधला होता, या वेळी जाणूनबुजून. कंडक्टरने पुन्हा अर्धं तिकीट दिलं. बस घाटाच्या रस्त्याला लागून दिसेनाशी होईपर्यंत मी हात हलवत राहिले.

नंतरचं वर्ष फार लांब गेलं. त्यांचा ग्रह इतका दूर आहे, की निरोप यायला महिने लागतात. मध्ये मला एकदा ताप आला, आणि मी झोपेत ‘वळण सरळ करू नका’ असं बडबडत होते म्हणे. अभ्यासात लक्ष लागत नसे. आप्पासुद्धा रोज सकाळी वर्तमानपत्राचं चौथं पान आधी उघडायचे.

या वर्षी वसुबारसेला मी नवी माती चाळत होते आणि आप्पा धापा टाकत अंगणात आले. निरोप आला होता. तो मी इथे जसाच्या तसा देते.

‘खेळ झाला. त्यांच्या सोंगट्या दोन हजार सातशे, आमच्या नऊशे. त्यांचं धान्य संपलं तेव्हा आमच्या दोनशे चौसष्ट उभ्या होत्या. पाणवठा आमच्याकडेच आहे. मोठ्या गावाने विचारलं, हे कुठे शिकलात. आम्ही लपवलं नाही. आता त्यांची मुलं आमच्या मुलांबरोबर माती उपसतात आणि मोडतात आणि पुन्हा बांधतात. संध्याकाळी दमली की त्याच पाणवठ्यावर पाणी पितात. सुजलेली जमीन सुंदर दिसते. आमच्या भाषेत खिंडीला शब्द नव्हता, म्हणून आपलाच ठेवला आहे. चकल्या गावात वाटल्या. एक व्याकरणाची शंका : खिंड लढली, की लढवली?’

आप्पांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. मग कागद माझ्यापुढे सरकवला, म्हणून उत्तर मीच लिहिलं. हात मातीने माखलेले होते, त्यामुळे कागदाला लाल बोटं लागली, पण मी ती पुसली नाहीत.

‘दोन्ही बरोबर, पाटील,’ मी लिहिलं. ‘तुम्ही लढवलीत, म्हणून ती लढली.’